डॉ. कोटणीस : बोट सुटल्यानंतरची चार वर्षे

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे नाव महाराष्ट्रात कुणाला अपरिचित आहे असे नाही. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि त्या आधारे व्ही. शांताराम यांनी १९४६ साली 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला. शांतारामबापूंनी कोटणीसांची भूमिका स्वतःच केली. तेव्हापासून मराठी मनात कोटणीसांची दोन चित्रे पक्की बसली आहेत. एक, मुंबईच्या धक्क्यावरून चीनला निघालेला तरुण डॉक्टर. दुसरे, परमुलखात रुग्णसेवा करता करता आलेले त्याचे अकाली मरण. पहिले चित्र १ सप्टेंबर १९३८ चे, दुसरे ९ डिसेंबर १९४२ चे. या दोहोंच्या मध्ये सव्वाचार वर्षांचा काळ आहे आणि त्याविषयी आपण फारसे बोलत नाही. आमच्या मते कोटणीसांचे खरे चरित्र याच काळात दडलेले आहे. शिक्षण संपवून परदेशी सेवेला निघणे हा एका दिवसाचा निर्णय असू शकतो. तेथे रुजणे हे रोजचे काम असते, आणि ते कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजा येथे बसून सोलापूरच्या डॉक्टरविषयी आणि चीनच्या डोंगरांविषयी लिहिण्याचे प्रयोजन काय, असे वाचक विचारतील. प्रयोजन असे की, परिचारिकेचा वा अन्य एखादा अभ्यासक्रम पुरा करून परदेशी जाण्याची इच्छा धरणारे तरुण आता आमच्याकडील खेड्यांतूनही भेटू लागले आहेत. कुणी नोकरीसाठी जातो, कुणी व्रतस्थ जीवनात शिरून मिशनकार्यासाठी. त्यांचे प्रश्न बहुधा निघण्याविषयीचे असतात : कागदपत्रे कोणती, परीक्षा कोणती, शिफारसपत्र कोण देईल? पोहोचल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षाविषयी कुणी विचारीत नाही. त्या दुसऱ्या वर्षाचा आणि त्यापुढच्या वर्षांचा इतिहास सांगणारा मराठी माणूस शोधू गेलो असता कोटणीसांइतका जवळचा दुसरा आम्हांस आढळला नाही.

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. वैद्यकीचे शिक्षण त्यांनी मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात घेतले. या संस्थेचा उगमही येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. १९२६ साली के.ई.एम. रुग्णालयासह सुरू झालेल्या या महाविद्यालयाला ज्यांनी देणगी दिली, त्यांनी अध्यापनाची पदे हिंदी डॉक्टरांकडे असावीत अशी अट घातली होती. सरकारी वैद्यकीय सेवेत वरच्या जागा गोऱ्या अधिकाऱ्यांनी अडवून धरण्याचा तो काळ. त्यामुळे परळच्या त्या इमारतीत शिकणाऱ्या मुलाच्या मनात शस्त्रक्रियेबरोबर स्वाभिमानाचेही शिक्षण आपोआप उतरत असावे. १९३६ साली कोटणीस पदवीधर झाले आणि पुढील पदव्युत्तर परीक्षेच्या तयारीस लागले. घर मध्यमवर्गीय, भावंडे पुष्कळ. शिकून बाहेर पडलेल्या मुलाकडून घराने काय अपेक्षिले असेल हे सांगावयास नको.

इकडे जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर उघड आक्रमण केले होते. चिनी आठव्या रूट आर्मीचे सेनापती चू तेह यांनी त्या वर्षाच्या अखेरीस पंडित नेहरूंना पत्र लिहून औषधे, शस्त्रक्रियेची साधने आणि डॉक्टर यांची मागणी केली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी जनतेला आवाहन केले, निधी जमविला आणि पाच डॉक्टरांचे पथक पाठविण्याचे ठरले. अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल हे प्रमुख, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी, सोलापूरचे कोटणीस, आणि नागपूरचे डॉ. चोळकर. स्वतः गुलामीत असलेल्या देशाने दुसऱ्या संकटग्रस्त देशाला वैद्यकीय पथक पाठवावे, ही घटना त्या काळी लहान नव्हती.

चोळकरांचे नाव आम्ही मुद्दाम शेवटी घेतले. विदर्भातील वाचकांना ते ठाऊक असते तर ही खबरदारी घेण्याचे कारण नव्हते. पथकात ते वयाने पोक्त होते. ज्या वयात माणूस आपल्या दवाखान्याचा भार मुलाबाळांवर सोपविण्याचा विचार करतो त्या वयात हे गृहस्थ युद्धभूमीवर जाण्यास निघाले. नागपूरहून मुंबईस जाणारी गाडी आमच्या जलंब-नांदुऱ्यावरूनच जाते. वऱ्हाडाने त्यांची आठवण अधिक ठेवावयास हवी होती, एवढे नमूद करून पुढे जातो.

मुंबईहून 'राजपुताना' या बोटीने पथक निघाले. निरोपाला सरोजिनी नायडू होत्या. (हीच बोट पुढे महायुद्धात लढाऊ कामास जुंपली गेली आणि एप्रिल १९४१ मध्ये आइसलँडनजीक पाणबुडीच्या माऱ्याने बुडाली.) सप्टेंबरच्या मध्यास हे पाचजण हाँगकाँगमार्गे कँटनला पोहोचले. स्वागताला सन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग छिंग-लिंग आल्या होत्या. हारतुरे झाले, भाषणे झाली. वास्तविक कामाला त्यानंतर आरंभ व्हावयाचा. परंतु झाले निराळेच.

ऑक्टोबर १९३८ मध्ये कँटन जपान्यांच्या हाती पडले आणि त्याच महिन्यात हँकाऊही. पथक रुग्णालये बदलीत, मागे सरत सरत चुंगकिंगला आले. ज्या आठव्या रूट आर्मीने डॉक्टर मागितले होते तिच्यापर्यंत जाण्याची वाट मोकळी होण्यास त्या वर्षाचा उरलेला सगळा काळ गेला. चँग-कै-शेक यांचे राष्ट्रीय सरकार आणि कम्युनिस्ट जपानविरुद्ध एकत्र आले होते खरे, पण तो समेट अंतःकरणाचा नव्हता, आणि परदेशी डॉक्टरांनी कम्युनिस्टांच्या मुलखात जावे ही गोष्ट चुंगकिंगला रुचणारी नव्हती. आपल्याला सेवा करावयाची आहे आणि कोणी ती करू देत नाही, हा अनुभव स्वयंसेवकाच्या उत्साहाला पोखरणारा असतो. चुंगकिंगमधील त्या दिवसांत दोन गोष्टी घडल्या.

पहिली नावाची. शांतिनिकेतनातील चीना भवनाचे संस्थापक प्रा. तान युन-शान त्या वेळी चुंगकिंगला होते. त्यांनी पाचही डॉक्टरांना चिनी नावे दिली आणि प्रत्येकाच्या नावाशेवटी 'हुआ' हे अक्षर जोडले. 'हुआ' म्हणजे चीन. कोटणीस झाले 'को दी-हुआ'. आजही चीनमध्ये ते याच नावाने ओळखले जातात. कोटणीस म्हटले तर तेथील शाळकरी मुलास कदाचित बोध व्हावयाचा नाही. नवे नाव धारण करणे म्हणजे काय, हे आमच्या ख्रिस्ती वाचकांस आणि विशेषतः ज्यांनी व्रतग्रहणप्रसंगी नाव बदलले आहे त्यांस समजावून सांगण्याची गरज नाही. नाव एका क्षणात मिळते. त्या नावाचा माणूस घडण्यास वेळ लागतो.

दुसरी गोष्ट दुःखाची. सोलापूरहून वडील वारल्याची तार आली. सहकाऱ्यांनी परत जाण्याचा सल्ला दिला. कोटणीसांनी तो मानला नाही. आमच्या मते हे सर्वांत कठीण वळण होते, कारण परत जाण्यात कोणताही दोष नव्हता. धर्मशास्त्राच्या, लोकरीतीच्या आणि कुटुंबाच्या, सर्वच दृष्टींनी घरी जाणे योग्य ठरले असते. कामाला अजून आरंभही झाला नव्हता. त्यामुळे अर्धवट काम टाकून आल्याचा ठपकासुद्धा आला नसता. परंतु ते थांबले. सोलापुरात त्यांच्या आईच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याचा विचार चरित्रकार फारसा करीत नाहीत. दूरदेशी सेवेला जाणाऱ्याच्या त्यागाची किंमत पुष्कळदा घरी राहिलेल्यांना चुकवावी लागते, आणि ती मोजण्याचे माप इतिहासाजवळ नाही.

१२ फेब्रुवारी १९३९ रोजी पथक येनानला पोहोचले. येनान म्हणजे पिवळ्या मातीचा उजाड मुलूख. त्या मऊ मातीच्या टेकड्यांत आडव्या गुहा खोदून लोक राहत. रुग्णालयही अशाच गुहांमध्ये. थंडी हाडे गोठविणारी. रोजचे अन्न राळ्याची पेज. राळे आमच्या वऱ्हाडाला परके नाही. जुन्या माणसांनी उपासाच्या आणि दुष्काळाच्या दिवसांत ते खाल्ले आहे. पण मुंबईच्या खानावळीतून उठून आलेल्या तरुण डॉक्टरास सकाळ-संध्याकाळ राळेच खाण्याचा प्रसंग आला म्हणजे पोट तक्रार करणारच. त्यात औषधांचा आणि भूल देण्याच्या द्रव्यांचा तुटवडा. जे परळमध्ये शिकले त्यातील कितीतरी येथे लागू पडेना. शिक्षण संपले असे समजून आलेल्या माणसास पहिल्या इयत्तेत बसावे लागले, आणि त्या इयत्तेचा मुख्य विषय होता भाषा.

पाचांपैकी एकेकजण परत फिरू लागला. चोळकर १९३९ सालीच परतले. त्यांचे वय पाहता तेथवर जाणे हेच पुष्कळ होते. मुखर्जींना आजाराने गाठले, तेही परतले. अटलांची प्रकृती पुढे बिघडली आणि १९४० च्या आरंभी त्यांनीही हिंदुस्थानची वाट धरली. यांना कमी लेखण्याची एक प्रवृत्ती आपल्याकडे आहे. इंग्रजी पुस्तकाच्या नावातही एकजण परतला नाही असा सूर आहे, आणि मग परतलेले चौघे जणू छायेत जातात. आम्हांस हे न्याय्य वाटत नाही. बसू १९४३ पर्यंत चीनमध्ये राहिले. त्यांनी त्या दिवसांची रोजनिशी ठेवली आणि ती पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. स्वातंत्र्यानंतर पुन्हा चीनला जाऊन सुया टोचून उपचार करण्याची विद्या शिकून आले आणि ती त्यांनी भारतात रुजविली. सेवेचे फळ कोठे धरेल हे कोणी सांगावे?

नोव्हेंबर १९३९ मध्ये अटल, बसू आणि कोटणीस आघाडीच्या दिशेने निघाले. त्यांना डॉ. नॉर्मन बेथून यांच्याबरोबर काम करावयाचे होते. बेथून कॅनडाचे नामांकित शल्यविशारद, प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकाचे चिरंजीव. पण स्वतः श्रद्धेने कम्युनिस्ट. १९३८ च्या वसंतात ते येनानला आले आणि तेथून उत्तरेच्या डोंगरांत गेले. जखमींना रुग्णालयात आणण्यापेक्षा रुग्णालय जखमींकडे न्यावे, या विचाराने त्यांनी खेचराच्या पाठीवर मावेल असा शस्त्रक्रियेचा संच तयार केला होता. शस्त्रक्रिया करताना बोट कापले गेले, जंतुसंसर्ग झाला आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी बेथून वारले. म्हणजे ज्यांच्या हाताखाली शिकावयाचे ते गुरू हे तिघे वाटेत असतानाच निघून गेले होते. जून १९४० मध्ये कोटणीस आणि बसू त्या सरहद्द प्रदेशात पोहोचले ते बेथून यांच्या समाधीपाशी.

बेथून आणि कोटणीस यांची तुलना चीनमध्ये नेहमी होते. शल्यविशारद म्हणून बेथून निःसंशय मोठे, अनुभवही मोठा. ते तेथे दोन वर्षांहूनही कमी काळ होते आणि त्यांचा सर्व व्यवहार दुभाष्यामार्फत चाले. कोटणीसांनी मात्र भाषा आत्मसात केली. नुसती बाजारहाट करण्यापुरती किंवा रुग्णास कोठे दुखते हे विचारण्यापुरती नव्हे; तर वर्गात उभे राहून शस्त्रक्रियेचे व्याख्यान देण्याइतकी, आणि पाठ्यपुस्तक लिहिण्याइतकी. चिनी लिपी शिकणे म्हणजे हजारो चित्राक्षरे एकेक करून डोक्यात साठविणे. दिवसा जखमी आणि रात्री अक्षरे, असा त्यांचा क्रम असे.

या ठिकाणी आमच्या मनात साहजिकच जुन्या मिशनऱ्यांचा विचार येतो. येशूसंघीय मात्तेओ रिची १५७८ साली गोव्यास आले, १५८० मध्ये कोचीन येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि १५८२ साली ते मकावला रवाना झाले. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास पोहोचले. काही काळ हे दोघेही गोमंतकाच्या भूमीवर होते. एकाने चिनी भाषेत इतके प्रावीण्य मिळविले की १६०७ साली युक्लिडच्या भूमितीचा भाग त्या भाषेत उतरविण्यास तो सिद्ध झाला. दुसऱ्याने मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचले, जे १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. स्टीफन्स चाळीस वर्षे येथे राहिले आणि परत गेले नाहीत. सेमिनरीत आम्हांस हे शिकविले जाते तेव्हा आपण त्याचा अभिमान बाळगतो, कारण एका परक्याने आपल्या भाषेवर जीव लावला. चिनी माणसास कोटणीसांविषयी नेमकी हीच भावना वाटते. भाषा शिकण्याइतके नम्र होण्याचे दुसरे साधन नाही. चाळिशीच्या विद्वानासही पाच वर्षांच्या मुलाकडून चुका सुधारून घ्याव्या लागतात. आमच्याकडे परदेशी निघालेल्या तरुणांना आम्ही एवढेच विचारतो, तेथील भाषेचे पुस्तक घेतलेस का? उत्तर बहुधा असे येते की, इंग्रजी चालते. चालते, हे खरे आहे. पण ज्या रुग्णाची शुश्रूषा करावयाची त्यास रात्री दोन वाजता वेदना होतात तेव्हा तो आपल्या आईच्या भाषेत कण्हतो.

ऑगस्ट १९४० मध्ये आठव्या रूट आर्मीने जपान्यांविरुद्ध मोठी मोहीम उघडली. शंभर रेजिमेंटांची चढाई या नावाने ती प्रसिद्ध आहे. या लढाईत कोटणीसांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. एका वेळी त्यांनी सलग बहात्तर तास झोपेशिवाय शस्त्रक्रिया केल्या असे सांगितले जाते. जखमी सैनिक त्यांना ज्या नावाने हाक मारीत त्याचा शब्दशः अर्थ 'काळी आई' असा होतो. चिनी माणसाच्या मनात त्यांचा सावळा वर्ण आणि मायेचा हात एवढेच असेल. पण आमच्या वऱ्हाडात काळी आई म्हणजे शेतजमीन, कपाशी-ज्वारी पिकविणारी. हा शब्द कोटणीसांनी पहिल्यांदा ऐकला असेल तेव्हा सोलापूरची काळी माती त्यांना आठवली असावी, असे आम्हांस वाटते.

जानेवारी १९४१ मध्ये त्यांची बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख म्हणून नेमणूक झाली. नाव भव्य, वस्तू म्हणाल तर होपेई प्रांतातील डोंगराळ ताङ परगण्यातील खेड्यांत पांगलेली शेतकऱ्यांची घरे. जपानी फौजा झडती घेत आल्या की रुग्णांसह सारे डोंगरात हलवावयाचे आणि धोका टळल्यावर पुन्हा मांडावयाचे. रुग्णालयास जोडून वैद्यकीय शाळा होती. येथे कोटणीसांची मुख्य कामगिरी शिकविण्याची होती. एक डॉक्टर किती जखमींना वाचवील? पण त्याने पन्नास जणांना शिकविले तर हिशेब बदलतो. हातात ग्रंथ नव्हते, म्हणून त्यांनी शस्त्रक्रियाशास्त्राचे पाठ्यपुस्तक चिनीत लिहावयास घेतले. सामान्य तत्त्वांचा पहिला भाग पुरा झाला. दुसऱ्या भागाचे लेखन चालू राहिले.

बेथून यांच्या समाधीपाशी झालेल्या समारंभात त्यांची क्वो छिंग-लान या तरुणीशी ओळख झाली होती. त्या पेकिंगच्या प्रसिद्ध युनियन मेडिकल कॉलेज रुग्णालयात परिचारिका होत्या आणि युद्धकाळात शहर सोडून या डोंगरांत परिचर्येचे शिक्षण देण्यास आल्या होत्या. १९४१ च्या अखेरीस दोघांचा विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. सेनापती न्ये रुंगचेन यांनी त्याचे नाव सुचविले, 'यिन-हुआ'. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

आता एका गोष्टीचा उल्लेख टाळता येत नाही. जुलै १९४२ मध्ये कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. कॅथॉलिक धर्मगुरूने या माणसाविषयी आदराने लिहावे काय, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप गैर नाही, कारण त्याच मुलखात, त्याच युद्धात, आमच्या धर्मबंधूंचीही एक कहाणी आहे आणि तिचा शेवट वेगळा आहे.

फादर व्हिन्सेंट लेब्ब हे बेल्जियमचे लाझारिस्ट मिशनरी. जन्म १८७७ चा, घेंट शहरातला. १९०१ साली ते चीनला आले. युरोपीय सत्तांच्या संरक्षणाखाली चालणारे मिशन त्यांना पटेना. चीनची धर्मसभा चिनी माणसांच्या हाती असावी हा त्यांचा आग्रह होता आणि त्यासाठी वरिष्ठांची नाराजी त्यांनी ओढवून घेतली. २८ ऑक्टोबर १९२६ रोजी अकरावे पोप पायस यांनी रोममध्ये सहा चिनी बिशपांना स्वहस्ते अभिषेक केला, त्यामागे लेब्ब यांच्या धडपडीचा मोठा वाटा होता. त्यांनी चिनी नागरिकत्व घेतले, चिनी वेष घेतला, होपेई प्रांतातील आन्क्वो येथे चिनी व्रतस्थांचा संघ स्थापिला. जपानी आक्रमण होताच आपल्या बंधूंना घेऊन ते रणांगणावर गेले. जखमींना डोलीत घालून आणणे, मलमपट्टी करणे हे काम साठी ओलांडलेल्या या धर्मगुरूने केले. ते राष्ट्रीय सरकारच्या सैन्याबरोबर होते. मार्च १९४० मध्ये कम्युनिस्ट सैन्याने त्यांना पकडले आणि सुमारे सहा आठवडे कैदेत ठेवले. सुटले तेव्हा शरीर खचले होते. २४ जून १९४० रोजी चुंगकिंग येथे त्यांनी देह ठेवला. त्याच जून महिन्यात कोटणीस बेथून यांच्या समाधीपाशी उभे होते.

दोघेही परके, दोघांनीही त्या देशाला आपला म्हटले, दोघांनीही त्याच्याच जखमी मुलांना उचलले. आणि एकाच्या सैन्याने दुसऱ्यास कैद केले. कोटणीस आणि लेब्ब यांची गाठ पडली नाही आणि लेब्ब यांच्या कैदेशी कोटणीसांचा काही संबंध नव्हता, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु कोटणीसांचे गुणगान करताना लेब्ब यांना विसरणे आणि लेब्ब यांची थोरवी सांगताना कोटणीसांविषयी मौन पाळणे, या दोन्ही गोष्टी आम्हांस सारख्याच अपुऱ्या वाटतात. पुढे त्या पक्षाच्या राजवटीत चीनमधील ख्रिस्ती समाजास जे भोगावे लागले ते सर्वज्ञात आहे. ते कोटणीसांच्या खाती मांडता येणार नाही. त्यांनी जो पक्ष पाहिला तो गुहांत राहणारा, राळे खाणारा आणि जपान्यांशी लढणारा होता. माणसाचा न्याय त्याच्या डोळ्यांपुढे जे होते त्यावरून करावा लागतो. शोमरोनी मनुष्याच्या दाखल्यात जखमीपाशी कोण थांबला एवढेच प्रभूने विचारले आहे.

कोटणीसांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. विश्रांतीसाठी आणि उपचारासाठी तो भाग सोडून जावे असे त्यांना सुचविण्यात आले; ते गेले नाहीत. ८ डिसेंबर १९४२ च्या रात्री झटक्यांमागून झटके आले आणि ९ तारखेच्या पहाटे त्यांचे निधन झाले. वय बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. पाठ्यपुस्तकाचा दुसरा भाग अपुरा राहिला.

त्यांचे अवशेष पुढे शिज्याच्वांग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत नेण्यात आले. बेथूनही तेथेच विसावले आहेत. वसंतातील पितृस्मरणाच्या सणाला तेथे आजही फुले वाहिली जातात. १९६२ च्या युद्धाने दोन्ही देशांत वैर आले, तरी ही समाधी चिनी लोकांच्या आदराचा विषय राहिली. चीनने १९८२ साली त्यांचे टपाल तिकीट काढले. भारताने १९९३ मध्ये. अकरा वर्षांचे हे अंतर बोलके आहे.

यिन-हुआ बापाच्या वाटेने वैद्यकी शिकू लागला. अभ्यासक्रम संपत आला असताना १९६७ साली वयाच्या चोविसाव्या वर्षी तो वारला. क्वो छिंग-लान पुढे अनेकदा भारतात आल्या आणि कोटणीस कुटुंबाशी त्यांनी नाते राखले. सोलापुरातील कोटणीसांच्या राहत्या घराचे स्मारक १ जानेवारी २०१२ रोजी खुले झाले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये दालियन शहरात छिंग-लानबाई वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी निवर्तल्या.